हिरवळीत रुतलेला गोळा

राजेसाहेबांचा गोळा पुन्हा अडला. चांगला गुळगुळीत शिसवी गोळा, पण हिरवळीच्या मध्यावर पोचायच्या आत चिखलात म्हैस बसावी तसा बसला.

कुंभेरीच्या मानाजीराजांनी गोऱ्या साहेबांचं बघून गोळे घरंगळवायला ही हिरवळ केली होती. बी विलायतेचं, म्हणून तोरा केवढा! कापलेलं गवतसुद्धा वाड्याबाहेर न्यायची बंदी. बागेत ढीग दिसता कामा नये, जाळायचंही नाही. मग ते जायचं कुठं? जिथं कापलं तिथंच पडायचं. वर्षानुवर्षं वाळून, कुजून हिरव्या पात्यांखाली त्याचा जाड थर बसला होता.

अकलेचे ठेकेदार जमले. एक म्हणाला गोळा हलका, दुसऱ्याला जमिनीला उतार दिसला. कारभारी त्रिंबकपंत तर वाकून हात फिरवत म्हणाले, "महाराज, हिरवळ कसली, गादी आहे गादी!"

राजांनी खापर म्हाताऱ्या सटवाजी माळ्यावर फोडलं. उद्या साहेब खेळायला येणार, त्याआधी गोळा पलीकडे गेला पाहिजे. बंदी मात्र मोडायची नाही. नाहीतर बागेतली खोली सोडून चालतं व्हायचं.

म्हाताऱ्यानं हात जोडले. त्याची सून सारजा पुढं झाली.

"महाराज, खालचं वाळकं उपसलं की गोळा जाईल. मी उपसते."

"आणि ठेवशील कुठं?" पंत खिदळले. "डोक्यावर?"

"डोकं रिकामं असतं तर ठेवलं असतं, पंत."

दिवसभर तिनं दाताळ्यानं हिरवळ विंचरली, केसांतला गुंता काढावा तशी.

सकाळी राजांनी गोळा सोडला. तो सरसरत पलीकडच्या चरात जाऊन पडला. साहेबानं टोपी काढली. पंतांचं तोंड आंबलं. त्यांनी फाटकावर विचारलं, काडी बाहेर गेली नव्हती. बाग धुंडाळली, ढीग नव्हता, राखही नव्हती.

राजे मिशीला पीळ देत दरबारात येऊन बसले. बसले आणि चुळबुळले. इकडं कलले, तिकडं कलले. शेवटी उठलेच.

"माझ्या गादीत काय भरलंय?"

"आपली हिरवळ, महाराज," सारजा म्हणाली. "बाहेर न्यायची नव्हती, ढीग घालायचा नव्हता, जाळायची नव्हती. पंत तिला गादी म्हणाले. मोठ्या माणसाचा शब्द, मी रात्री या गादीतला कापूस काढून ती भरली."

"अगं, पण टोचतंय किती!"

"तुम्हाला घटकाभर सोसवेना, महाराज. त्या बिचाऱ्या गवतानं मुळाशी हेच घेऊन इतकी वर्षं काढली. वर गोळाही पळवायचा होता."

राजांनी एकदा गादीकडं पाहिलं, एकदा पंतांकडं, आणि पोट धरून हसायला लागले.

बंदी तिथल्या तिथं उठली. सटवाजीची खोली कायमची त्याची झाली, बाग सारजाच्या हाती आली आणि कापलेलं सगळं विलायती गवत तिच्या गाईला मिळालं.

गादी मात्र राजांनी पंतांना बक्षीस दिली. दरबारात त्यांनी रोज तिच्यावरच बसायचं होतं.