धर्मशाळेतल्या काठ्या

माणसं पायीच देश ओलांडत, तेव्हाची गोष्ट. वेळूची एक काठी आपल्या वाटसरूसोबत हिमालयाकडे निघाली होती. बर्फाने खिंड बंद होण्याआधी पलीकडे पोचायचं होतं. वाटेत त्याच्या पायांना फोड आले, म्हणून दोघं एका शहरात दोन दिवस थांबली. धर्मशाळेच्या कोपऱ्यात पुष्कळ काठ्या टेकलेल्या होत्या.

“कधी आलात?” वेळूने विचारलं.

“कालच,” सगळ्या एका सुरात म्हणाल्या.

“काल आलेल्यांना मुळं फुटतात होय? खोटारड्या मेल्या! तुमची माणसं कुठायत?”

“निजलीत. उद्या निघायचंय. तूही टेक गं बाई.”

तिसऱ्या दिवशी फोड सुकले होते. बाहेर बर्फ भुरभुरू लागलं. वाटसरू कुशीवर वळून पुटपुटला, “उद्या निघू.”

दणकन पडून त्याला जागं करावं म्हणून वेळूने अंग झोकून दिलं.

ती पडलीच नाही.