डोळे उघडे ठेवून

एकदा एका वृद्ध गुरुजींनी आपल्या ओसरीवर बायबलच्या अभ्यासाचा लहानसा गट सुरू केला. माणसे सात, पाठ बारा, दर गुरुवारी सायंकाळी एक. त्यांत नथानेल नावाचा शिष्य सर्वांच्या पुढे. पाठांच्या पुस्तिकेतली उत्तरांची प्रत्येक रिकामी जागा तो आधीच भरून आणी, वचने त्याला तोंडपाठ, आणि तो प्रार्थना करू लागला की ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावत. त्याचे स्वतःचेही पाणावत, हे मात्र जरा जास्तच होते. बारावा पाठ संपला की नवा गट त्याच्या हाती सोपवायचा, असे गुरुजींनी ठरवले होते.

सातव्या गुरुवारी रतन सुताराने त्याला वाटेत गाठले. रतन आणि त्याची पत्नी सुलभा याच गटात येत.

"भाऊ, दोन वर्षांनी परवा पुन्हा प्यालो मी," रतन खाली मान घालून म्हणाला. "सुलभाला अजून सांगितलं नाही. रविवारपर्यंत सांगीन. तेवढी माझी प्रार्थनेत आठवण ठेवा."

नथानेलने त्याचा हात प्रेमाने दाबला.

त्या दिवशीचा पाठ होता दुसऱ्याचे ओझे उचलण्याचा. शेवटी प्रार्थनेची वेळ आली. नथानेलने डोळे मिटले आणि त्याच्या वाणीला पूर आला. "हे दयाळू पित्या, आमचा भाऊ रतन पुन्हा मद्याच्या पाशात सापडला आहे. पत्नीला सांगण्याचं धैर्य त्याला नाही..." एकाहून एक सुंदर शब्द येत गेले. आमेन म्हणून त्याने डोळे उघडले, तेव्हा समोरच्या दोन जागा रिकाम्या होत्या. चटईवर दोन पुस्तिका तशाच पडल्या होत्या. कुणीही त्याच्याकडे पाहीना. नथानेलला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

पुढच्या गुरुवारी गुरुजींनी पाठ काढलाच नाही. "नथानेल, प्रार्थना कर," ते म्हणाले. "मात्र डोळे उघडे ठेवून."

सारे चकित झाले. नथानेलने त्या दोन रिकाम्या जागांकडे पाहिले. इतकी लाज त्याला जन्मात वाटली नव्हती.

"रतनचं दुःख देवाला आधीच ठाऊक होतं," गुरुजी हळू आवाजात म्हणाले. "तुझ्या प्रार्थनेतून नवी बातमी मिळाली ती फक्त आम्हाला, आणि त्या बिचाऱ्या सुलभाला. आपण डोळे मिटतो ते स्वतःला विसरण्यासाठी, बाळा. तू मिटलेस आणि समोरच्या माणसाला विसरलास."

नथानेल उठला. दोन्ही पुस्तिका घेऊन तो रतनच्या दारी गेला. दार रतननेच उघडले. आत सुलभा पाठमोरी बसली होती.

"माझं चुकलं," नथानेल म्हणाला. "तुम्ही विश्वासानं सांगितलंत, आणि मी त्याचं भाषण केलं." आणखी बोलावे असे पुष्कळ मनात आले, पण त्याने ते गिळले.

रतनने पुस्तिका घेतल्या. आत या, असे काही तो म्हणाला नाही.

नवा गट नथानेलला देण्याचा विषय गुरुजींनी पुन्हा काढला नाही, आणि त्यानेही विचारले नाही. तीन गुरुवार गेले. चौथ्या गुरुवारी रतन एकटाच आला आणि दाराजवळ बसला. प्रार्थनेच्या वेळी सवयीने सगळे नथानेलच्या आवाजाची वाट पाहू लागले. त्याने एकवार रतनकडे पाहिले आणि मान खाली घातली. बराच वेळ त्याचे ओठ नुसते हलत राहिले.

त्याने काय मागितले, ते आजतागायत कुणाला कळलेले नाही.