ढोलीतली फुसफुस

रानात अजून माणसांच्या पायवाटा पडल्या नव्हत्या, तेव्हाची ही गोष्ट. धनेश पक्ष्याची मादी झाडाच्या ढोलीत बसे आणि ढोलीचे तोंड चिखलाने लिंपून घेई. नर फटीतून फळे भरवी. पिल्लू मोठे झाले की ती भिंत फोडून बाहेर येई.

एका मादीचे पिल्लू गेल्या वर्षी सापाने नेले होते. यंदाचे पिल्लू चांगले वाढले. त्याचे पंख भिंतीला घासून मोडू लागले, तरी ती भिंत फोडेना.

"अगं, ये आता बाहेर. फांदीवर कोणी नाही," नर म्हणाला.

"हळू बोला! ही फुसफुस ऐकू येत नाही का तुम्हाला? इथेच आहे तो."

अंधारात खरेच फुसफुस होत होती, अगदी कानाशी. पिल्लू घाबरून आईच्या छातीला बिलगले आणि कुजबुजले, "आई, तो तुझ्या आत आहे."

तिने श्वास रोखला. फुसफुस थांबली. श्वास सोडला, तशी ती पुन्हा आली.

कितीतरी वेळ ती आपलाच श्वास ऐकत बसली. फुसफुस हळूहळू मंदावली, पण पुरती गेली नाही. ती ऐकत ऐकतच तिने भिंतीवर पहिली चोच मारली.