आज कोणाला उठवू?

त्या राज्यात पहाट आपोआप होत नसे. अंधारात सगळे निजलेले असायचे, राजासुद्धा. वेशीच्या कमानीवर बसलेली टिटवी तेवढी जागी असे. तिनं नाव घेऊन हाक मारली की राजा उठे, राजा उठला की उजाडे, आणि उजाडलं की प्रजा कामाला लागे. राज्य मोराचं होतं. टिटवीच्या आजीनं, आईनं आणि तिनंही आजवर एकच नाव घेतलं होतं.

मोराचं राज्य देखणं होतं, यात वाद नाही. जमीन घोटून घोटून गुळगुळीत केलेली. विहिरींवर नक्षीची झाकणं; झाकण उघडायला परवानगी लागे आणि ती बहुधा मिळेही. पण मोराला मनात येईल तेव्हा नवं पीस फुटायचं. मग भर कामात हुकूम सुटे, "जागचे हलू नका, पीस फुटतंय!" मुंग्या डोक्यावर दाणे घेऊन तशाच उभ्या राहत. पीस फुटून झालं की मोर विचारी, "कसं दिसतंय?" सगळे म्हणत, "छान." जुनं पीसही काही वाईट नव्हतं, हे बोलायची कोणाची छाती नव्हती.

टिटवीचं दुःख वेगळंच होतं. टिटवी घरटं बांधत नाही. ती उघड्या खडीत अंडी घालते, आणि ती अंडी दिसतात अगदी खड्यांसारखी. त्या गुळगुळीत राज्यात खडा म्हणजे केर. झाडलोट करणाऱ्या साळुंक्या दर हंगामात तिची अंडी केरात नेत. टिटवी कमानीवरून बघत राही आणि दुसऱ्या दिवशी त्याच राजाला हाक मारी. अखेर एका हंगामात तिला ते असह्य झालं. ती दरबारात गेली.

"महाराज, मला थोडी खडबडीत जमीन हवी. आणि तिथं दुसरा राजा हवा, खडा टोचला तरी ज्याचं काही बिघडत नाही असा."

मोर हसला. "अगं, एवढं ऐसपैस राज्य आहे. इथंच कुठंतरी भागव की."

"इथं जागा पुष्कळ आहे, महाराज. माझ्या अंड्यांना नाही. उद्यापासून मी हाक मारणार नाही."

मोरानं ते हसण्यावारी नेलं. दुसऱ्या दिवशी दुपार टळली तरी पहाट झाली नाही. अंधारात सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडू लागले. शेवटी टिटवीनं हाक मारली तेव्हा मोर उठला तो भुकेनं कासावीस होऊन. "काय हवं ते घे," तो म्हणाला.

जमिनीवर रेघ ओढायची ठरली. ही रेघ साधी नव्हती; ओढताना चुकली तर तिच्या वाटेत येईल ते नाहीसं होणार होतं, म्हणून मुंग्यांनी आधी सगळं धान्य वेशीबाहेरच्या खडकावर नेऊन ठेवलं. मग अडचण आली ती पिसांची. मोराचं पीस पडेल ती जमीन मोराची, असा जुना कायदा. आणि पार टोकाच्या कोपऱ्यातही एखादं पीस पडलेलं असेच. साळुंक्यांनी नाकं मुरडत एकेक पीस उचलून अलीकडे आणलं. रेघ ओढली गेली, धान्य सुखरूप परत आलं, आणि पलीकडे रानातून साळिंदर येऊन बसलं.

एका वेळी एकच राजा जागा राहू शके, आणि दिवस त्याच्याच बाजूला उगवे; प्रजा उजाडेल तिकडे कामाला जाई. म्हणून टिटवी आता अंधारात विचारू लागली, "आज कोणाला उठवू?" विचारून ती थोडी थांबे. अर्धवट झोपेतून प्रजा नाव सांगे. कोणीच बोललं नाही, तर ती मोराला उठवी.

साळिंदराच्या राज्यात पहिल्या दिवशी मुंग्यांनी पाणी मागितलं. साळिंदर म्हणालं, "विहीर तिथं, दोर इथं. ओढा." मुंग्यांनी त्याला दिवसभर शिव्या घातल्या. पण तिथं कोणी त्यांना भर कामात उभं केलं नाही. हळूहळू त्यांना दोर वळता येऊ लागला, आणि साळिंदराचं नाव पहाटे वरचेवर ऐकू येऊ लागलं. टिटवीनं खडीत अंडी घातली. ती कोणी झाडून नेली नाहीत. एका संध्याकाळी तिनं कान लावला, तर कवचाच्या आत काहीतरी चुळबुळत होतं.

नेमका दुसरा दिवस मोराचा होता, आणि त्याला मोठा पिसारा फुटला. सगळे जागच्या जागी खिळलेले असताना त्यानं टिटवीला वेशीबाहेर काढलं आणि कमानीवर एक राघू आणून बसवला. "सगळ्यांच्याच सोयीसाठी," मोर म्हणाला. राघूला एकच शब्द शिकवला होता: मोर.

त्यानंतर रेघेपलीकडे उजाडलंच नाही. साळिंदर निजलेलं, दोर पडलेला, आणि अंडी ना कुजत होती ना उबत होती. टिटवीचा जीव तिळतिळ तुटे. पण वेशीबाहेर कोणाचंच राज्य नव्हतं, त्यामुळे तिला झोपवणारंही कोणी नव्हतं. राजा उठे तो फक्त कमानीवरच्या हाकेनं; तरी ती खडकावर बसली आणि राघूनं चोच उघडण्याआधी अंधारात ओरडली, "आज कोणाला उठवू?"

"मोर!" राघू म्हणाला.

दुसऱ्या पहाटे तेच. त्यानंतरही तेच. टिटवीचा घसा बसला. तरी ती विचारायची, विचारून पूर्वीसारखीच थोडी थांबायची, आणि उत्तरात 'मोर' ऐकायची. "ओरड मेल्या," ती पुटपुटे, "मीही बघते." एके दिवशी राघू अडखळला. "आज... मोर!" टिटवीनं पंख झटकले आणि पुढच्या पहाटे दुप्पट जोरानं ओरडली. मग, "आज कोणाला... मोर!" अर्धवट झोपेत मुंग्यांनी कूस बदलली.

आणि एका पहाटे टिटवीनं चोच उघडण्याआधीच कमानीवरून स्वच्छ आवाज आला.

"आज कोणाला उठवू?"

विचारून राघू थांबला. तेही त्यानं तिच्याकडूनच उचललं होतं.

आजवर कधीच न पडलेलं काम मोराला झोपेत पडलं. त्याला स्वतःचं नाव स्वतः सांगावं लागलं. "मोर!" तो ओरडला. "मोर! मोर!" पण तो एकटाच ओरडत होता. अंधारातून एक मुंगी म्हणाली, "साळिंदर." मग दुसरी म्हणाली. मग साळुंक्यासुद्धा.

राघूनं नाव घेतलं. मोर नव्या पिसाऱ्यासकट घोरू लागला. रेघेपलीकडे उजाडलं, ऊन सरकत सरकत खडीवर आलं, आणि खडीतला एक खडा हलला.