दोन गोदाकाकू

“जोडलेलं दाखवतंय, मग पोचत का नाही?”

अभिरामने हे लॅपटॉपला विचारलं होतं. पण समोर मठातले सुमंतबुवा फुलवाती वळत बसले होते, त्यांनी मान वर केली.

“कुठं पोचायचंय?”

“ऑफिसात. इथूनच.”

बुवांना नवल वाटलं नाही. मठात बसून लांब पोचायची खटपट करणारी माणसं ते साठ वर्षं बघत आले होते.

गोदावरीकाठचा हा लहानसा मठ. अभिरामच्या आईने इथे सात दिवसांचं अनुष्ठान बोललेलं. तिचे गुडघे गेले, म्हणून तिच्या जागी मुलगा बसला. पहिल्या वर्षी ऑफिसच्या बोलावण्याने चौथ्या दिवशी उठला, दुसऱ्या वर्षी पाचव्या. यंदा सहावा दिवस उजाडला, सकाळचा जप आटोपला, आणि पुण्याहून साहेबांचा फोन आला. ऑफिसचं मोठं मशीन, ज्याला ही मंडळी सर्व्हर म्हणतात, अडून बसलं होतं आणि त्याची नाडी एकट्या अभिरामला ठाऊक. दीडपर्यंत तिथूनच चालू कर, नाहीतर दोनच्या एसटीने नीघ, असं साहेबांनी बजावलं.

म्हणजे तिसऱ्यांदा व्रत मोडणार. आईला काय सांगायचं...

एक वाजला होता.

लांबून ऑफिसात शिरायची एक झाकलेली वाट असते, तिला व्हीपीएन म्हणतात. ती वाट तर उघडली होती. अभिरामने ती तीनदा बंद करून उघडली, लॅपटॉप बंद-चालू केला, पासवर्ड पुन्हा घातला. जाणकारांचं लिनक्स वापरणारा माणूस तो, बाकीच्यांच्या विंडोजला हसायचा. आता कपाळावरचा घाम पंच्याच्या टोकाने पुसत होता.

“बुवा, गंमत बघा. सर्व्हरला त्याच्या नेटवरच्या नंबरावर हाक मारली की ओ येते. लगेच येते. पण दार काही उघडत नाही.”

बुवांनी हातातली वात तबकात ठेवली.

“गोदाकाकूंना हाक मार बघू. पैलतीरावर दूर्वा खुडायला गेल्यात.”

“आत्ता?”

“आत्ताच.”

अभिरामला राग आला, पण बुवांचा शब्द. तो कठड्याशी गेला आणि नदीकडे तोंड करून, होता नव्हता तेवढा आवाज लावून ओरडला, “गोदाकाकू!”

“ओ...”

ओ आली ती पाठीमागून, स्वयंपाकघरातून. मठाच्या स्वयंपाकीणबाई पदराला हात पुसत दारात आल्या. त्यांचंही नाव गोदाच. या नदीच्या काठाला घराआड एक गोदा असते, त्याला कोण काय करणार.

“काय रे, भूक लागली का? नैवेद्य व्हायचाय अजून.”

“तुम्ही नाही काकू. पलीकडच्या.”

“मग माझ्या नावाने कशाला बोंबललास?” म्हणत त्या आत वळल्या. आत फोडणी करपत होती.

बुवा म्हणाले, “ओ तर लगेच आली.”

अभिराम काही बोलायला वळला... आणि तसाच थांबला.

मग धावला. लॅपटॉपच्या काळ्या खिडकीत त्याने एक ओळ लिहिली. कुठल्या नंबराची हाक कुठल्या वाटेने जाते, त्याची यादी समोर आली. ऑफिसातले नंबर आणि मठातले नंबर अगदी एकच होते. त्यामुळे सर्व्हरची हाक मठाबाहेर पडतच नव्हती. ती जात होती तोच नंबर मिळालेल्या कोठीतल्या प्रिंटरकडे. अभिषेकाच्या पावत्या छापणारा तो गरीब प्रिंटर, सकाळपासून इमानाने ओ देत होता.

हे नंबर घातले कोणी? यानेच. आल्या दिवशी, कोणी सांगितलेलं नसताना, सेवा म्हणून. वायफायच्या डब्याचे मूळचे नंबर पुसून त्याने आपल्या ऑफिसातले घातले होते. कोठीतले विसूभाऊ तेव्हा म्हणालेही होते की चालतंय ते चालू दे. त्यावर याने त्यांना ऐकवलं होतं की खरी पद्धत आमच्या ऑफिसातलीच.

आता त्याला कोठीच्या दारात जाऊन सांगावं लागलं, की दोन मिनिटं सगळ्यांच्या फोनवरचं वायफाय बंद पडेल, चूक माझी आहे.

“चांगलं होतं ते बिघडवलंस,” विसूभाऊ चष्म्यावरून बघत म्हणाले, “आता बिघडलेलं नीट करतोस. सेवा दोनदा झाली म्हणायची.”

तो हसला. डब्याला त्याचे मूळचे नंबर दिले, प्रिंटरला त्याचा दिला. झाकलेली वाट पुन्हा उघडली. एक वाजून वीस मिनिटं. हाक मारली.

या वेळी ओ यायला क्षणभर लागला. लांबून येत होती ना.

आणि दार उघडलं.

पुढचं काम सात मिनिटांचं. साहेबांनी फोनवर सांगितलं की आता यायची गरज नाही. त्याने लगेच आईला कळवलं. ती म्हणाली, पाय धू आणि जपाला बस.

ओल्या पायांनीच तो बुवांकडे आला. चेहरा असा फुललेला, की स्वयंपाकघरातून गोदाकाकूंनीही डोकावून पाहिलं. बुवांपुढे वाकला आणि एका दमात बोलून गेला.

“कळलं बुवा. जवळचं सोडलं, तेव्हा कुठे लांबचं भेटलं.”

बुवांनी कापसाचा नवा पेळू हातात घेतला.

“सोडलंस कुठे, बाळा? ऑफिसचं नाव काढून आमचं नाव आम्हाला परत दिलंस.”