शेवटच्या गलबताचा शंख

“मग व्यापाऱ्याच्या गलबतांचं रक्षण करायचं तरी कोणी?” दुलबा शेट ओरडला. मठाच्या कौलांवरचे दोन कावळे उडून गेले. “सांगा ना महाराज! कोणी?”

उमेदगीर गोसावी पायरीवर बसून पाट्यावर निर्गुडीचा पाला वाटत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“बोल. ऐकतोय,” ते म्हणाले.

दुलबा शेट म्हणजे माडबंदरातला सगळ्यांत मोठा व्यापारी. पाच वर्षांपूर्वी त्याने गोसाव्यांकडून गुरुमंत्र घेतला, आणि घेतल्याचं तो भेटेल त्याला सांगायचा. मंत्र किती जपला ते देव जाणे.

परवा दुपारी चाच्यांनी त्याचं एक गलबत पळवलं होतं. पाचांतलं शेवटचं. त्यावर बारा माणसं होती. उरलेली चार गलबतं काल सुखरूप बंदरात आली, आणि त्यांतल्या पहिल्यावर शेट स्वतः होता.

“किल्लेदार काय म्हणतो, ऐकलंत?” शेट येरझाऱ्या घालत होता. “म्हणतो, बुरुजावरच्या तोफेचा गोळा जातो तिथवर माझी हद्द. पुढचा दर्या देवाचा. आणि जकात घेताना? तेव्हा बरी याची हद्द पार मस्कतपर्यंत जाते!”

“हं.”

“पेठेतले शहाणे म्हणतात, गलबतावर हत्यारबंद माणसं ठेवा. का म्हणून? मी सुपारी विकायची की लढाया मारायच्या? चोर धरायचं काम चौकीदाराचं. वाण्याचं नव्हे.”

“बरोबर आहे,” गोसावी म्हणाले.

शेट थबकला. इतक्या लवकर बरोबर ठरण्याची त्याला अपेक्षा नव्हती.

“तेच तर म्हणतोय मी! मग उद्या चला माझ्याबरोबर किल्ल्यावर. तुमचा शब्द तो मोडत नाही. भर सदरेत सांगा त्याला, की रक्षण करणं तुझं काम.”

“सांगीन. सोडतो की काय त्याला! त्याच्या आरमाराच्या बुडाला कालवं धरलीत. सहा महिन्यांत एक होडी हलली नाही.” गोसाव्यांनी वरवंटा फिरवला. “पण तो मला एक विचारील. मग मी काय सांगू?”

“काय विचारील?”

“शंख वाजला होता का?”

शेटने पागोटं सारखं केलं.

या किनाऱ्यावर गलबतं तांड्याने जातात, आणि तांड्याचा एक नेम आहे. सगळ्यांत सावकाश गलबत सगळ्यांच्या मागे, आणि त्याची जी चाल तीच सगळ्यांची चाल. त्या शेवटच्या गलबतावर शंख असतो. तो भर दर्यात वाजला, की पुढच्यांनी शिडं उतरवायची आणि मागे वळायचं. कारण विचारायचं नाही. हा नेम कोणत्या राजाने घातला नाही, की कोणी कागदावर लिहिला नाही. पोरगं पोहायला शिकतं तेव्हाच तोही शिकतं.

“नाही वाजला,” शेट म्हणाला.

“आठवून सांग.”

“नाही म्हटलं ना! त्या गलबतावरच्या सटवा तांडेलाला वेळच मिळाला नसेल. चाचे काय सांगून येतात?”

“गावातही हेच सांगितलंस?”

“जे झालं ते सांगितलं.”

“सटव्याच्या बायकोला?”

“आनशीला? तिलाही. स्वतः घरी जाऊन सांगितलं. तांदळाचं पोतं पाठवलं. अजून काय करायचं मी?”

गोसाव्यांनी पाला वाटीत काढला. “आत एक आजारी आहे. लावून येतो,” म्हणाले आणि उठून मठात गेले.

शेटला आजाऱ्याशी काही देणंघेणं नव्हतं. तो उभ्या उभ्या किल्लेदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार करत राहिला. फार मनापासून करत होता, हे मात्र कबूल केलं पाहिजे.

गोसावी परत आले तेव्हा त्यांच्या हातात शंख होता. जुना, पिवळा पडलेला. त्याची कड एका बाजूने फुटलेली होती.

तो त्यांनी पायरीवर ठेवला.

शेटने पाहिला… आणि लगेच दुसरीकडे पाहिलं.

“ओळखलास?”

“शंखासारखे शंख असतात.”

“आत झिलू आहे. तुझा खलाशी. परवा रात्री चाच्यांचा डोळा चुकवून सटव्याने हा त्याच्या कमरेला बांधला आणि त्याला पाण्यात सोडला. पोहून किनारा गाठला, मग खडकांवरून दहा कोस चालत आला. आज पहाटे पोचला. तळपायांच्या चिंध्या झाल्यात त्याच्या.”

शेट शंखाला पाठ करून उभा राहिला.

“बाकीचे कसे आहेत, ते तरी विचार, मेल्या!” गोसावी पहिल्यांदा ओरडले. “मघापासून किल्लेदार, जकात, हद्द. बारा माणसांतल्या एकाचं तरी नाव घेतलंस का तू आपणहून?”

“कसे… कसे आहेत?”

“अकरा जण जिवंत आहेत. कासवबेटाच्या मागच्या खाडीत बांधून ठेवलेत. चाच्यांचं मोठं जहाज परवा यायचंय. ते आलं, की यांना पार पलीकडच्या मुलखात नेऊन विकतील. मग तुझा किल्लेदार आणि तू बसा हद्द मोजत.”

“पण शंख…”

“तीनदा वाजला. सटव्याचा दम संपला तेव्हा झिलूने फुंकला. तो म्हणतो, सगळ्यांत पुढच्या गलबतावर एक माणूस कठड्याशी येऊन मागे बघत होता. लाल पागोटं घातलेला.”

शेटचा हात डोक्याकडे गेला. पागोटं लालच होतं.

मग तो भडकला. खोटं उघडं पडलेला माणूस भडकतो तसा, अंगातला सगळा जोर लावून.

“हो! ऐकला! तीनदा ऐकला! मग काय करायचं होतं मी? एकासाठी चार गलबतं घालवायची होती? चाळीस माणसं होती त्यांवर! ती मेली असती तर इथेच येऊन तुम्ही मला विचारलं असतंत, दुलबा, का वळलास? मी हिशेब केला महाराज. बारा जातात की बावन्न. कोणीही तेच केलं असतं!”

“चाच्यांच्या होड्या किती होत्या?”

“…दोन.”

“तुझ्या चार गलबतांवर तोफा किती?”

“आठ. पण लहान आहेत.”

“कशासाठी ठेवल्यात?”

शेट पुटपुटला.

“मोठ्याने बोल.”

“सलामीला.”

गोसाव्यांनी वरवंटा उचलला. शेट दोन पावलं मागे सरला. पण त्यांनी तो पाट्यावर आपटला, आणि पाट्याचा कोपरा उडून अंगणात पडला. चाळीस वर्षांचा पाटा होता तो.

मग गोसाव्यांनी शंख घेतला, मठाच्या दगडी गडग्यावर चढले आणि खाली माडबंदराकडे तोंड करून फुंकला.

फुटक्या कडेमुळे त्या शंखाला घोगरा, चिरका आवाज होता. दर गलबताचा शंख वेगळा. एरवी गलबत परतून खाडीच्या तोंडाशी आलं की तांडेल तो एकदा फुंकतो, आणि घरोघरच्या बायका आपापला आवाज ओळखून भाताचं आधण ठेवतात. एकदा वाजला तर घरी आलो. थांबून थांबून तीनदा वाजला तर धावा.

गोसाव्यांनी तीनदा फुंकला.

“हे काय करताय?” शेट कुजबुजला. “उतरा खाली! लोक येतील!”

लोक आलेच.

आधी दोघे गाबीत आले, खांद्यावर वल्ही घेऊन. मग सुतार, हातात तासणी. मग एक मासळीवाली, हातात कोयता आणि कोयत्याला खवले. पाठोपाठ दहा-पंधरा माणसं. टेकडी चढून सगळ्यांना धाप लागली होती. म्हातारा धाकू खारवी वल्हं घेऊन सगळ्यांत पुढे आला.

“बाबानू, खंय जावचा?” त्याने विचारलं.

“शेट सांगतील,” गोसावी म्हणाले.

सगळे शेटकडे वळले. शेटने घाम पुसला. कोयतेवाली त्याच्याकडे बघत होती, धाकू बघत होता. एरवी याच माणसांना तो ओटीवर ताटकळत ठेवायचा.

“तसं काही नाही,” तो म्हणाला. “महाराजांनी उगाच… जा तुम्ही आपापल्या कामाला.”

“उगाच?” कोयतेवाली कडाडली. “तीनदा शंख उगाच फुकतत?”

तेवढ्यात आनशी वर पोचली.

ती सगळ्यांच्या शेवटी आली, कारण ती आधी धक्क्यावर गेली होती. पहिला शंख ऐकला तेव्हा तिने आधण ठेवलं होतं आणि तशीच पळत सुटली होती. हाताला तांदूळ चिकटलेले होते. खाडीच्या तोंडाशी पाणी रिकामं होतं. मग दुसरा आणि तिसरा ऐकून ती टेकडीकडे वळली.

“आमच्या गलबताचो शंख ह्यो,” ती म्हणाली. “खंय आसा गलबत?”

बाकीचे बाजूला सरले.

तिने गोसाव्यांच्या हातातला शंख पाहिला. जवळ गेली, फुटक्या कडेवरून बोट फिरवलं. मग शेटकडे वळली. रडली नाही. रडली असती तर शेटला सोपं गेलं असतं.

“शेटनू, तुमी माझ्या दारात येवन सांगलात, शंख वाजलोच नाय.”

“आनशी, अगं, त्या वेळी वारा असा होता…”

“सांगलात की नाय?”

“सांगितलं.”

“मगे ह्यो हय कसो इलो?”

शेटने गोसाव्यांकडे पाहिलं. ते समुद्राकडे बघत होते. मठाच्या दारात झिलू चौकट धरून उभा राहिला होता, दोन्ही पायांना पाला आणि फडकी बांधलेली. त्याला पाहून धाकूने वल्हं खाली टेकलं आणि एक शिवी हासडली. कोणाला, ते सगळ्यांना कळलं.

झिलूने चार वाक्यांत सगळं सांगितलं. कासवबेट. अकरा जण. परवा. आणि लाल पागोटं.

आनशीने सगळं ऐकून घेतलं. मग तिने हाताला चिकटलेले तांदूळ एकेक करून सोडवले आणि पदराच्या टोकाला बांधले.

“तुमची चार गलबता धक्क्यार आसत,” ती म्हणाली. “माका एक व्हया.”

“तुला?” शेट म्हणाला. “तू काय करणार? ती चाच्यांची… आनशी, हे काम किल्लेदाराचं आहे! मी उद्या सदरेत…”

बोलता बोलता त्याचं त्यालाच ऐकू आलं, आणि तो थांबला…

खाली खाडीत भरती चढत होती. धक्क्याला बांधलेली चार गलबतं हलायला लागली होती. संध्याकाळच्या ओहोटीला बाहेर पडली, तर पहाटेपर्यंत कासवबेट गाठता आलं असतं. हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. पण चारही गलबतांवर पस्तीस-चाळीस खलाशी लागतात, आणि गावभर पांगलेले शेटचे खलाशी मालकाने स्वतः बोलावल्याशिवाय गलबतावर चढले नसते.

गोसावी गडग्यावरून खाली उतरले. त्यांनी शंख शेटपुढे धरला.

“सगळ्यांसमोर?” शेट पुटपुटला. त्याचे डोळे लाल झाले होते. “महाराज, मी तुमचा शिष्य आहे.”

“म्हणून तर.”

शेटने शंख घेतला. त्याने फुटकी कड ओठांना लावली आणि फुंकर मारली.

आवाज आला नाही. नुसती हवा गेली.

त्याने पुन्हा फुंकला. पुन्हा नुसती हवा. कोयतेवालीने तोंड फिरवलं. धाकू खाली मान घालून उभा राहिला. आनशी मात्र त्याच्या तोंडाकडे एकटक बघत होती.

शेटने शंख खाली घेतला.

“येत नाही मला,” तो म्हणाला. “कधी फुंकलाच नाही मी…”

गोसाव्यांनी दारातला तांब्या उचलून त्याच्या हातात दिला.

“तोंड कोरडं पडलंय. पाणी पी… आणि पुन्हा फुंक.”