दोरी बांधलेला दगड

"पण भन्ते, करण्यासारखं काही उरलेलं असताना ते न करणं, हे पाप नाही का?"

मृणालिनी कर्णिक सकाळपासून हेच विचारत होती.

भन्ते शीलरत्न चिनी बागेतल्या नागमोडी पुलावर थांबून पाण्यातले मासे बघत होते. मूळचे भंडाऱ्याकडचे. पूर्वेकडच्या या परदेशी महानगरातला छोटासा विहार सांभाळता सांभाळता म्हातारे झाले. पुण्यातल्या एका शिबिरात मृणालिनीला ध्यानाला बसायला त्यांनीच शिकवलं होतं. ती फार वेळ बसली नाही, ही गोष्ट वेगळी.

तिची आई पुण्यात इस्पितळात होती. वय झालेलं, ऑपरेशनांमागून ऑपरेशनं झालेली. मृणालिनी आईच्या खाटेजवळ कमी आणि डॉक्टरांच्या दारात जास्त. पुण्याच्या डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा ही बाई रिपोर्ट घेऊन थेट विमानात बसली. इथला मोठा सर्जन म्हणाला, घेऊन या, आणखी एकदा उघडून पाहू. तिकडे धाकटा भाऊ सुबोध फोनजवळ बसून होता. हो म्हटलं की आईला विमानाने हलवायचं. मृणालिनीला आता फक्त भन्त्यांचा आशीर्वाद हवा होता.

भन्ते म्हणाले होते, "चल, आधी बगीचे पाहू."

चिनी बाग तिने भराभर उरकली. गोल दारातून आत, दुसऱ्या दारातून बाहेर, आणि मग भन्त्यांची वाट बघत उभी. तळ्यापलीकडे जपानी बाग. भिंतीवरून काचेचे उंच मनोरे डोकावत होते, मेट्रोचा खडखडाट येत होता. आत मात्र नुसतं हिरवंगार शेवाळ, आणि त्यातून पाऊल टाकायला मांडलेल्या चपट्या फरशा.

एके ठिकाणी वाटेला फाटा फुटला होता. डावीकडच्या पहिल्याच फरशीवर नारळाएवढा एक गोल दगड. त्याला काळ्या दोरीने नीट बांधून वर गाठ मारलेली.

मृणालिनी थबकली. तिने चपला काढल्या, खाली पडलेलं एक पांढरं फूल उचलून दगडावर ठेवलं, डोळे मिटून हात जोडले. आईसाठी अगदी मनापासून मागितलं. मग चपला घातल्या आणि दगडापलीकडे पाऊल टाकलं.

"कुठं चालली?"

"पुढे. का?"

"आत्ता काय केलं तू?"

"नमस्कार केला. कुठला देव आहे हा?"

भन्ते हसले. हसता हसता त्यांना ठसका लागला.

"देव नाही गं, पोरी. इथून पुढे येऊ नका, असं सांगून राहिला तो दगड."

मृणालिनी ओशाळली. आणि ओशाळली की ती वाद घालायची.

"ही कसली पद्धत? ना कुलूप, ना साखळी. कुणीही ओलांडून जाईल."

"हो. तू गेलीच ना."

"ठेवतं कोण हा?"

"ज्याचं घर असते तो. आत असते ना कोणी, पुढे येऊ द्यायचं की नाही ते त्यानं ठरवायचं..."

मेट्रो येऊन गेली. मग भन्त्यांनी विचारलं,

"आई काय म्हणते?"

तिने घाईघाईने फोन उघडला. "डॉक्टरांचं म्हणणं असं आहे की..."

"डॉक्टर नाही. आई."

फोन हातातच राहिला.

"म्हणते... 'मनू, पुरे गं आता.'"

"मग तू काय करते?"

"काय करणार, भन्ते? पाया पडते तिच्या. म्हणते, आई, एवढं एकदाच..."

 भन्ते तिच्या पायांकडे बघत होते.

तिनेही खाली पाहिलं. एक पाऊल दगडाच्या अलीकडे होतं, एक पलीकडे. मध्ये तिनेच वाहिलेलं फूल.

ती रडली. परक्या गावात, परक्या बागेत, लोक येत-जात असताना हमसून हमसून रडली. भन्त्यांनी तिला रडू दिलं.

बऱ्याच वेळाने तिने पलीकडचं पाऊल मागे घेतलं आणि फोन लावला.

"सुबोध, आईला इकडे आणायचं नाही... नाही रे, दुसरा डॉक्टरही नको. तिला घरी ने. तिच्या खोलीत."

 पलीकडून हुंदके ऐकू आले; सुबोधही रडत होता.

भन्ते गुडघ्यांवर हात टेकत वाटेच्या कडेच्या बाकावर बसले होते. मृणालिनी त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता.

"भन्ते... मी आईला सोडून दिलं का हो?"

"सोडलं? अगं, तू तिला अजून भेटलीच कुठं... जा."